‘या’ म्हणणारा माणूस

१

आमच्या संग्रहालयात जे काही आहे ते मी आणलेलं आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण दारावरच्या संगमरवरी पाटीवर दुसऱ्यांची नावं आहेत.

जाती, उखळं, मोटेचा नाडा, पायल्या, एका दांडीची पालखी, सगळं मी आणलं. आज जिथं कारखाने धडधडतात तिथं वस्त्या होत्या, मळे होते. जमिनी गेल्या तेव्हा लोकांनी गुरं नेली, भांडी नेली आणि ज्याचं ओझं झालं ते तिथंच टाकलं. मी बैलगाडी घेऊन हिंडलो आणि ते उचललं. लोक म्हणायचे, खंडू भंगारवाला झाला. आता त्यांच्याकडे पाहुणे आले की तेच लोक पाहुण्यांना घेऊन येतात आणि पायरीवरून अदबीनं हाक मारतात, “खंडेराव, जरा दार उघडता का?” मी उघडतो. लगेच नाही उघडत.

मी तिसरीपर्यंत शिकलो. जेवढं शिकलो तेवढं पक्कं आहे.

संग्रहालय म्हणजे जुनं धान्याचं गोदाम. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, बाहेरची खोली आणि आतली खोली. आतल्या खोलीच्या मधोमध एक चौकट उभी आहे. ही माझी सगळ्यांत लाडकी वस्तू. सागवानी, वर गणेशपट्टी, खाली उंबरा शाबूत. दाराच्या फळ्या कुणीतरी आधीच नेल्या होत्या. ओढ्याकाठचं ते घर पाडायला मशीन यायच्या आधी मी आणि माझा मुलगा ज्योतीराम, आम्ही दोघांनी ती चौकट भिंतीतून सोडवली. कंपनीतल्या एका फिटरला बोलावून खाली लोखंडी अँगल मारले. आता ती एकटीच उभी असते. अलीकडे फरशी, पलीकडेही तीच फरशी. पलीकडे जाती मांडलेली आणि मागे भिंत. त्या भिंतीला दार नाही. वर जाळीची एक खिडकी आहे, तिच्यातून मांजरसुद्धा येणार नाही.

ते घर कसलं होतं, असं लोक विचारतात. चांगल्या माणसांचं होतं. तिथं कुणी जीव दिला नाही, कुणाचा खून झाला नाही, धन पुरलेलं नव्हतं. माणसं मुंबईला गेली आणि घर रिकामं राहिलं. तसल्या गोष्टी ज्यांना ऐकायच्या असतील त्यांनी दुसरा माणूस गाठावा.

२

आणीबाणी उठली, त्याच्या पुढच्या की त्याच्याही पुढच्या मे महिन्यात उद्धवरावांनी मुलांचं शिबिर काढलं. उद्धवराव म्हणजे संग्रहालयाचे चिटणीस, रिटायर हेडमास्तर. शिकवायला सुहासिनीबाई होत्या, प्राधिकरणातल्या शाळेच्या. मुलं सगळी कॉलनीतली. कुणाचा बाप इंजिनिअर, कुणाचा बँकेत. सकाळी कंपनीची बस त्यांना आणून सोडायची आणि दुपारी बाराचा भोंगा झाला की परत न्यायची. गावठाणातली म्हणावी अशी एकच, माझी नात. ज्योतीरामनं कुठंतरी ऐकून तिचं नाव चारुलता ठेवलं. ते माझ्या तोंडात बसत नाही. मी चारी म्हणतो.

शिबिर झकास चाललं, आणि ते कुणामुळं चाललं हे मुलांना विचारा. बाई वहीत जात्याचं चित्र काढायला लावायच्या. मी पोरांना जात्यावर बसवायचो. मी घायपाताचा वाख काढून दोर वळायला शिकवलं. हरिहर नावाचा एक गुबगुबीत पोरगा होता, त्यानं विचारलं, “बाबा, ह्याचं मशीन कुठंय?”

“तुझ्या खांद्याला लटकतंय न्हवं का? दोन मशिनी दिल्यात देवानं. चालव.”

चार दिवसांत त्या पोरानं असा दोर वळला की बैल बांधून घ्यावा. त्याच्या इंजिनिअर बापानं तो दोर घरी दिवाणखान्यात टांगला म्हणे.

पण पहिल्याच दिवशी निघताना सगळ्यांनी टाटा, बाय-बाय लावलं. आणि हा हरिहर माझ्यासमोरून जाताना म्हणाला, “जातो बाबा.”

मी त्याची बाही धरली. “काय म्हणालास?”

“जातो म्हटलं.”

“कुठं जातोस? मसणात?”

पोरं खिदळली. सुहासिनीबाई पुढं आल्या. “खंडूबाबा, लहान आहे हो तो.”

“लहान हाय म्हणूनच सांगतो, बाई. मोठं झाल्यावर कोण ऐकतंय? घरातनं निघताना जातो म्हणत न्हाईत. येतो म्हणायचं. पोरींनी येते म्हणायचं. आन घरातल्यानं म्हणायचं, या.”

“आणि टाटा?” मागून एक जण.

“टाटाचा कारखाना तिकडं पिंपरीला हाय. हितं न्हाई चालायचं.”

बाईंना ते भारी आवडलं. म्हणाल्या, हेच तर शिकवायला आणलंय मुलांना. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पद्धतच पाडली. निघायच्या वेळी मुलं चौकटीच्या पलीकडे जात्यांपाशी रांगेत उभी राहणार. एकेकानं उंबरा ओलांडून अलीकडे यायचं, यायच्या आधी “येतो” किंवा “येते” म्हणायचं. अलीकडे मी खुर्ची टाकून बसणार आणि प्रत्येकाला “या” म्हणणार.

पोराटोरांना या काय, असं उद्धवराव म्हणाले. मी म्हटलं, मान दिला तर मान घ्यायला शिकतील. खुर्चीत बसून मी या म्हणायचो तेव्हा मला आमच्या गावच्या पाटलापेक्षा मोठं वाटायचं. वाटायचं म्हणजे मी होतोच. पाटलाची जमीन गेली. माझी खुर्ची होती.

३

आमच्याकडे आवाज कधी थांबत नाही. रस्त्यापलीकडे घणाचा कारखाना आहे. तो घण पडला की फरशीतून पायात येतो. नवा माणूस दचकतो, आम्हाला ऐकूसुद्धा येत नाही. फक्त बाराचा भोंगा झाला की घण थांबतो, जेवणाची सुट्टी, आणि तेव्हा कान दुखावेत अशी शांतता होते. पत्रा उन्हानं टक्कन वाजतो, तेवढाच काय तो आवाज.

रांग त्याच वेळेला सुटायची. मी डोळे मिटून बसायचो. मे महिन्यातलं ऊन, पोटात सकाळची भाकर, डोळे मिटणारच. येतो. या. येते. या. येतो. या. चारी सगळ्यांत शेवटी असायची, कारण तिला बस पकडायची नव्हती, ती माझ्याबरोबरच घरी यायची. तिचं “येते” झालं की मी “या” म्हणायचो आणि मग उठायचो.

एक दिवस चारीचं झालं. मी या म्हटलं. उठायला खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि तेवढ्यात आणखी एक “येते” आलं.

“या,” मी म्हटलं. तोंडाला सवय.

मग डोळे उघडले. चारी बाहेरच्या खोलीत चपला घालत होती. बस बाहेर घुरघुरत होती, पोरं तिच्यात चढलेली. चौकटीत कुणी नव्हतं. चौकटीच्या पलीकडे जाती होती, भिंत होती.

आवाज बाईमाणसाचा होता. लहान पोरीचा नव्हता, म्हातारीचा नव्हता. हातातलं काम न सोडता स्वयंपाकघरातून सांगावं तसा.

मी विचार केला. पत्र्याखाली आवाज घुमतो. चारीचाच आवाज पत्र्याला लागून खाली आला असेल. सुहासिनीबाईंनी बाहेरून म्हटलं असेल. मी तिसरी शिकलेला असलो तरी वेडा नाही. कुलूप लावलं आणि घरी येऊन जेवलो.

४

दुसऱ्या दिवशी मी डोळे उघडे ठेवले. पोरं एकेक करून आली. चारी आली. तिच्यामागं कुणी नाही, हे मी धडधडीत बघितलं. आणि रिकाम्या चौकटीतून आलं, “येतेच.”

माझ्या तोंडून या निघून गेलं. कुणी येतो म्हटलं आणि मी गप्प बसलो, असं आयुष्यात झालेलं नाही. ते थांबवायला जीभ चावावी लागते, आणि तेवढा वेळ मिळाला नाही.

हरिहरला बोलावून मी त्याचा कान पिळला. “आतनं कोण बोलतं रे? कोण लपतं जात्यामागं?”

“देवाशप्पथ बाबा, मी तर बसमधे होतो! पुढच्या सीटवर!”

खरं होतं ते. मी त्याला शेंगदाण्याची चिक्की दिली आणि सोडून दिला.

मग उंबरा ओला दिसायला लागला. सकाळी कुलूप काढून आत जावं तर उंबऱ्यावर आणि त्याच्या अलीकडच्या हातभर फरशीवर पाणी शिंपडलेलं. आणि शेणाचा वास. ताज्या सारवणाचा. शेणाचा वास मला कुणी शिकवू नये. पण त्या गोदामात शेण कुठून येणार? सगळी फरशी. मी सुहासिनीबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, “मला तर फिनेलचा वास येतोय, बाबा.” फिनेल मीच टाकलं होतं, वास जावा म्हणून.

काही दिवस गेले आणि ते बोलणं बदललं. “येतेच” नाही. “आलेच.”

हे ज्याला कळत नाही त्याला मी काय सांगू? बाई घरातून “येते” म्हणते तेव्हा ती निघालेली असते. “आलेच” म्हणते तेव्हा तिनं पदर खोचलेला असतो, चूल झाकलेली असते, ती दाराकडे वळलेली असते. आणि माझं या दर दुपारी ठरलेलं. मी बंद करू शकत होतो. पण बाईंनी ‘का’ म्हणून विचारलं असतं, तर काय सांगणार होतो? खंडू घाबरला? जी रीत मी शिकवली तीच मी मोडली? संबंध औद्योगिक पट्ट्यात मला कुणी तसं म्हणालेलं नाही आणि म्हणणार नाही.

५

त्यानंतर चारीनं येते म्हणायचं सोडलं. तिची पाळी आली की ती उंबरा ओलांडून पळतच सुटायची. तरी मागून आवाज यायचाच. सगळ्यांसमोर माझीच नात रीत मोडते म्हणून मी घरी जाताना तिला फैलावर घेतलं.

“जीभ झडली काय तुझी?”

“न्हाई म्हणणार.”

“का?”

ती रस्त्याच्या कडेनं दगड उडवत चालली. “आबा, ती माझ्या मागनं म्हणती.”

मी चालतच राहिलो. “कोण ती?”

“म्हाईत न्हाई. आदी लांबनं म्हणायची. मागच्या भिंतीच्या पण मागनं. आता जवळनं म्हणती. काल तिचा श्वास हितं लागला.” तिनं स्वतःच्या मानेवर हात ठेवला, वेण्यांच्या मधोमध. “तुमी या म्हणता ना, मग ती एक पाऊल पुढं येती. मी शेवटी असते म्हणून माझ्या मागं येती. आबा, तुमी या म्हणू नका ना.”

“बरं,” मी म्हटलं.

तिनं वर बघितलं. “खरं?”

“खंडू खोटं बोलत न्हाई.”

दुसऱ्या दिवशी तिच्या मागून “आलेच” आलं तेव्हा मी दातांनी ओठ धरून ठेवला. रक्त आलं पण या आलं नाही. मी खूश झालो. तेवढ्यात बाहेरून बसचा ड्रायव्हर ओरडला, “चला, या लवकर, या!” तो पोरांना म्हणत होता. बिचाऱ्याला काय माहीत.

चारी माझ्याकडे बघत होती. तिच्या दंडावर काटा उभा राहिलेला मला लांबून दिसला.

६

गुरुवारी आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी. घण नाही, भोंगा नाही, बस नाही म्हणून शिबिरही नाही. भर दुपारी मी झाडू घेऊन एकटा गेलो. चोरासारखा नाही गेलो, पुढचं दार सताड उघडं टाकलं.

आतल्या खोलीत ऊन जाळीतून येऊन भिंतीवर पडलं होतं. मी चौकटीसमोर उभा राहिलो. “कोण हाय?” मी विचारलं. “बाईमाणूस असाल तर सांगा, काय पायजे ते. पोरीच्या मागं का लागलाय?”

पत्रा टक्कन वाजला. बाकी काही नाही.

मग मला फरशी दिसली. दिसली म्हणजे, चौकटीतून दिसली नाही. चौकटीतून पलीकडे बघितलं तर खाली जमीन होती. सारवलेली, ओलसर, बोटांच्या अर्धगोल रेघा उमटलेल्या. मी चौकटीच्या बाजूनं डोकं काढून पलीकडे बघितलं. शहाबादी फरशी, तिच्या सांध्यात माझ्या झाडूची काडी अडकलेली. परत चौकटीतून बघितलं. सारवण. बाजूनं, फरशी. चौकटीतून, सारवण. जाती नव्हती. मागची भिंत होती, पण लांब होती. आमच्या गोदामात तेवढी लांबी नाही. गोदाम मी पावलांनी मोजलेलं आहे, मला कुणी फसवू शकत नाही.

उन्हामुळं डोळ्यांवर अंधारी येते माणसाच्या. माझं वय झालेलं. मी डोळे चोळले आणि खाली बघितलं.

उंबऱ्याच्या अलीकडे पाऊल होतं.

एकच. बाईचं. पुढचा चवडा आमच्या फरशीवर टेकलेला, टाच अजून उचललेली. उंबऱ्यावर पाय न देता, घरंदाज बाई ओलांडते तसा तो टाकलेला होता. बोटात झिजलेली जोडवी. टाचेला भेगा, भेगांत ओलं शेण. त्याच्यावर लुगड्याचा काठ. त्याच्यावर मी बघितलं नाही. परक्या बाईच्या पावलांच्या वर नजर न्यायची नाही अशी आमच्यात रीत आहे. ती रीत मला कधी इतकी बरी वाटली नव्हती.

“आलेच,” असं माझ्या तोंडासमोर कुणीतरी म्हटलं. विटाळलेला, वाईट आवाज नव्हता तो. आनंदाचा होता. बोलावणं आलेल्या माणसाचा.

मी पळालो नाही. चालत बाहेर आलो. झाडू तिथं राहिला, ते वेगळं.

७

समारोप दोन दिवसांवर आला होता. कंपनीतून मारुतराव साहेब पाहुणे येणार होते, तिथल्या कामगार विभागातले मोठे अधिकारी. मी उद्धवरावांच्या घरी गेलो.

“रांगेचं सोडून द्या औंदा,” मी म्हटलं.

“अरे, तेच तर बघायला येतायत! साहेबांच्या कानावर गेलंय सगळं. खंडू, तुझं नाव झालंय, नाव!”

नाव झालंय म्हटल्यावर माझ्या छातीत काय झालं ते मी लपवत नाही. पण मी म्हटलं, “मग चारीला शेवटी ठेवू नका.”

“रांगेआधी तिचं भाषण आहे, ते संपवून ती शेवटीच उभी राहणार. सुहासिनीबाईंनी पाठ करून घेतलंय. काय झालंय तुला?”

काय झालंय ते सांगता आलं असतं तर मी हेडमास्तर झालो असतो. घरी येऊन चारीला म्हटलं, “परवा तू येऊ नको. पोट दुखतंय म्हणून सांगतो.”

तिनं मान हलवली. मग म्हणाली, “मी न्हाई आले तर वासंती शेवटी राहील. ती लई भित्री हाय, आबा. ती मरंल.”

माझी नात आहे ही. गावठाणातली, कॉलनीतली नव्हे. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसरीकडे बघितलं, कारण पोरांनी आपले डोळे बघू नयेत.

८

समारोपाला मी फेटा बांधला. खुर्च्या आतल्या खोलीत, चौकटीच्या अलीकडे मांडलेल्या. पुढच्या रांगेत मारुतराव साहेब, त्यांच्या मिसेस, उद्धवराव. आईबाप मागं. माझी खुर्ची चौकटीच्या शेजारी, सगळ्यांना दिसेल अशी. पोरांनी दळून दाखवलं, दोर वळून दाखवला. हरिहरचा दोर साहेबांनी हातानं ओढून बघितला आणि म्हणाले, “वा, आमच्या स्टोअरमधल्यापेक्षा मजबूत आहे.” मी हसलो नाही, पण ऐकलं.

मग चारीचं भाषण. “मी पायली बोलतेय,” असं होतं ते, पायली स्वतःची हकिकत सांगते असं. एकदासुद्धा अडली नाही.

मग रांग सुटली. येतो. या. येते. या. साहेबांच्या मिसेस कौतुकानं मान डोलवत होत्या. पोरं अलीकडे येऊन आईबापांजवळ उभी राहत होती. वासंती आली. आणि मग पलीकडे चारी एकटी राहिली. आणि तेवढ्यात भोंगा झाला, घण थांबला.

“चारे,” मी म्हटलं, “काय बोलू नको. तशीच ये.”

लोक हसले. उद्धवराव म्हणाले, “हे काय खंडू, तूच शिकवलंस आणि तूच?”

चारीनं माझ्याकडे बघितलं, मग सगळ्या पाहुण्यांकडे. मी रीत शिकवलेली पोर ती. एवढ्या माणसांपुढं आबाची मान खाली जाऊ द्यायची नाही, असं तिनं ठरवलं असणार. ती स्वच्छ आवाजात “येते” म्हणाली आणि तिनं उंबरा ओलांडला.

मी ओठ आवळले.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी या म्हणायची वाट बघत होते. आणि त्या शांततेत, चारीच्या मागून, जसं कुणी घाईघाईनं केस सारखे करत येतं तसं आलं, “आले हं.”

सगळ्यांनी ऐकलं. मागच्या रांगेतल्या बायांनी मान वर करून कोण बोललं ते बघितलं. उद्धवराव मला खुणावत होते, बोल, बोल. मी बोललो नाही. मग मारुतराव साहेब, मोठ्या मनाचा माणूस, वेळ सांभाळायला हात पुढं करून म्हणाले, “या, या!” आणि सगळी पोरं एका सुरात ओरडली, “या!” त्यांच्यामागोमाग त्यांचे आईबाप, हसत, टाळ्या वाजवत, “या! या!”

चारी जागची हलली नाही. तिचा चेहरा पांढराफटक. तिच्या उजव्या वेणीची रिबीन सुटली होती. ती रिबीन वर उचलली गेली, हवेत तिची एक मुडप पडली आणि नीट गाठ बसली. मायेनं. घाई न करता.

मी उभा राहिलो. माझे गुडघे मला विचारत नाहीत हल्ली, पण त्या दिवशी उभे राहिले. मी हात जोडले आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “तिच्या मागं येऊ नका. ती लेकरू हाय, तिनं बोलावलेलं न्हाई. या म्हणणारा मी हाय. यायचं तर माझ्याकडं या.”

मग टाळ्यांचा कडकडाट झाला. सुहासिनीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेब उठून आले, माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. “काय संस्कार आहेत बाबा तुमचे! ह्याला म्हणतात आतिथ्य!”

मी मान ताठ ठेवली. शाल चांगली होती, लोकरीची. मे महिन्यात अंगावर ती लोकरीची शाल, आणि माझी पाठ थंडगार पडलेली. मागच्या बाजूनं, ओल्या सारवणाला पाठ लावून बसल्यासारखी.

९

बस गेली. माणसं गेली. मी कुलूप लावलं आणि चारीला घेऊन निघालो. रस्त्यावर एवढं ऊन की सावल्या पायाखालीच गोळा झालेल्या. चारी नेहमी माझं बोट धरून चालते. त्या दिवशी तिनं धरलं नाही. ती पुढं पुढं चालत होती, मधूनच थांबून मागं बघत होती.

“आबा, आता माझ्या मागं कुणी न्हाई,” ती म्हणाली.

“झालं तर मग.”

ती माझ्या खांद्याच्या मागं बघत होती. मग वळली आणि घराकडे पळत सुटली, दोन्ही वेण्या उडवत, एखाद्या पोरीनं पळावं तशी. बऱ्याच दिवसांत तिला तसं पळताना बघितलं नव्हतं. ते बघून मला जे वाटलं ते मी कुणाच्या शालीशी बदलणार नाही.

सून ओसरीवर बसून तांदूळ निवडत होती. चारी धापा टाकत दारात पोचली.

“आलीस का? आदी पाय धू. भाषण झालं का नीट?”

“झालं!”

मी ओसरीवर चढलो. नारळ कोनाड्यात ठेवला. सुनेनं मान वर केली. तिनं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागं, दाराबाहेर बघितलं. सूप बाजूला सारून ती लगबगीनं उभी राहिली आणि तिनं डोक्यावर पदर घेतला.

“मामंजी, पाव्हण्याबाई यायच्यात म्हणून सांगायचं तरी,” ती हळूच मला म्हणाली. मग हसून दाराकडे वळली. “या ना. अशा बाहेर का उभ्या? आत या.”

मी वळून बघितलं नाही. आमच्या दारातून आजवर कुणी माघारी गेलेलं नाही. फेटा उतरवला, खुंटीला लावला आणि सुनेला सांगितलं, “माझ्या पानाशेजारी पाट मांड.”